सही नाकारली

समोरचा माणूस बोलायला लागला की आमचे सर दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेत, मग चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "ते सगळं ठीक आहे. यात तुमची भर किती?"

हा प्रश्न ज्याला त्यांनी विचारला नाही असा माणूस अमरावतीत शोधावा लागेल. कॉलेजात मुंबईहून आलेल्या पाहुण्या वक्त्यांना त्यांनी तो भर आभारप्रदर्शनात विचारला होता. घरी सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही सोडलं नाही. गुरुजींनी शांतपणे पोथी मिटली आणि "दक्षिणेत तुमची भर किती ते आधी सांगा," म्हणाले. मी एम.कॉम.ला असताना चाळीस पानांचं टिपण लिहून मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे नेलं, तर "हे अमक्या पुस्तकातलं, हे तमक्या पुस्तकातलं," असं म्हणत त्यांनी लाल पेनानं एकेक ओळ उडवली. शेवटी साडेतीन ओळी वाचल्या. "ही तुझी भर. परीक्षेत एवढंच लिहायचं." मी त्यांचं ऐकलं नाही, म्हणून पास झालो.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचा विषय त्याच वर्गात मी शिकवतो. कर, करांचे प्रकार, करांचे परिणाम, सगळं शिकवतो. पण एखाद्या लग्नात कुणी आहेराच्या साडीचा खोका उघडायला घेतला की आजही मी मांडवाच्या दाराकडं सरकतो, आणि त्याला कारण सरच आहेत.

दिसायला ते उंच, किडकिडीत, आणि शर्टाचा डावा खिसा कायम फुगलेला. खिशात बिलं असत. कशाचंही बिल ते मागत. दाढीचं, चपलेच्या अंगठ्याचं, पावशेर सांबाराचं सुद्धा. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भाजीबाजारातल्या एका मावशीनं वैतागून एकदा कोबीच्या पानावर कोळशानं 'पावती' एवढंच लिहून दिलं होतं. ते पान सरांनी वाळून त्याचा चुरा होईपर्यंत जपून ठेवलं. मला ते वेड वाटायचं. सरांना मात्र वाटायचं की या देशात बिल मागणारा एकटाच शहाणा माणूस उरला आहे आणि एक दिवस सरकार त्याची दखल घेईल.

आणि खरंच, सरकारनं व्याट आणला, म्हणजे मूल्यवर्धित कर.

तो आला एक एप्रिलला, त्यामुळे अर्ध्या गावाला आधी चेष्टाच वाटली. मग व्यापाऱ्यांनी बंद पाळले, मोर्चे निघाले. व्याट म्हणजे नेमकं काय हे मोर्चातल्या लोकांना ठाऊक नव्हतं आणि मोर्चा बघणाऱ्यांनाही नव्हतं. सर तेवढे घरी लग्न निघाल्यासारखे हिंडत होते. कारण हा कर त्यांच्या प्रश्नावरच उभा होता. प्रत्येक व्यापाऱ्यानं आपण मालात जेवढी भर घातली तेवढ्यावरच कर भरायचा, आणि मागच्यानं भरलेला वजा करायचा. पण वजावट मिळणार ती मागच्याचं पक्कं बिल हातात असेल तर. म्हणजे जो तो मागच्याकडं बिल मागणार. सर म्हणाले, "अख्खा देश आता माझ्यासारखा वागणार!" काकू, म्हणजे सरांची बायको, आतून म्हणाल्या, "देवा, वाचव रे बाप्पा या देशाले."

कॉलेजसमोरच्या टपरीवाल्यानं दुसऱ्याच दिवशी चहा आठ आण्यांनी महाग केला. सरांनी कारण विचारलं.

"व्याट लागला नं सर."

"तुला? तुझा नोंदणी क्रमांक काय?"

"टपरीचाच नंबर नाई भेटला अजून, व्याटचा कुठून भेटीन?"

"मग हे आठ आणे कशाचे? चहात तुझी भर काय?"

त्यानं पातेल्यात डोकावून प्रामाणिकपणे सांगितलं, "पाणी." सर इतके खूश झाले की त्यांनी आठ आणे दिले आणि त्याचं उत्तर खिशातल्या एका बिलाच्या मागं लिहून घेतलं.

वर्गात त्यांनी व्याट शिकवला तो तेलाच्या डब्यावर. घरचा सरकी तेलाचा डबा उचलून आणला आणि चौघांना ओळीत उभं केलं. पहिला तेलगिरणीवाला, दुसरा ठोक व्यापारी, तिसरा किराणा दुकानदार, शेवटी मी, गिऱ्हाईक. डबा एकेकाच्या हातातून पुढं येई, सोबत बिलाची चिठ्ठी, आणि जो तो आपण मागं भरलेला कर पुढच्याकडून वसूल करी. सर नाटक करत नसत, पैसे आमच्याच खिशातले असत. डबा माझ्यापाशी पोचला तेव्हा तिघांचे खिसे जिथल्या तिथं होते आणि माझा रिकामा झाला होता.

"सर, माझे पैसे?"

"तू शेवटचा ग्राहक. सगळा कर तुझ्यावर. तुझ्या पुढं कुणी नाही, तू कुणाकडून घेणार?" मग वर्गाकडं वळून गरजले, "साखळी कुठं संपते?"

"वापरणाऱ्यापाशी!" वर्ग ओरडला. माझे पैसे परत मिळाले नाहीत आणि डबाही त्यांनी घरी नेला.

असं म्हणता म्हणता व्याटनं त्यांना एक टोला मात्र चांगला दिला. साईनगरात एक विधवा बाई सरगुंडे करून विकायच्या. सरगुंडे म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, काडीवर वळून वाळवलेल्या नळ्या. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर आमच्याकडं खातात. कितीतरी वर्षं एक मोठा किराणा दुकानदार त्यांचा सगळा माल उचलत होता. त्या वर्षी तो म्हणाला, मले आता पक्कं बिल लागते, तुमच्यापाशी नाई, तं मी कंपनीचा माल घेतो. बाई रडत सरांकडं आल्या. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला, पण नेहमीचा प्रश्न काही विचारता येईना. पीठ, पाणी आणि मीठ सोडलं तर बाकी सगळी भर त्या बाईंचीच होती. "हे पुस्तकात नव्हतं," एवढंच म्हणाले आणि दोन पोती सरगुंडे विकत घेतले. पुढं दोन महिने त्यांच्या घरी जो येईल त्याला सरगुंडे. पोस्टमनलाही सरगुंडे. चुलीपाशी अर्थातच काकू. मला तिसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "व्याट सरकारनं आणला अन् भरून राहिली मी."

आता साडीची गोष्ट.

त्याच उन्हाळ्यात सरांनी काकूंना साडी आणली. ही बातमी ऐकून शेजारच्या बायका बघायला आल्या, कारण लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि सरांनी स्वतःच्या हातानं काकूंना कधी रुमालही आणला नव्हता. मोरपंखी रंग, बारीक जरीचा काठ. मी तिथंच टिपणं उतरवत बसलो होतो. काकूंनी पदर खांद्यावर टाकून पाहिला, आरशापुढं गेल्या, परत आल्या. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सरांनी एक कार्ड आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. कार्डावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वरील माल चांगल्या स्थितीत मिळाला. तक्रार नाही.' खाली सहीसाठी रेघ.

"हे काय व्हय?"

"पोच. सही कर."

काकूंनी कार्ड वाचलं. पदर खांद्यावरून काढला. "माल? मी काय दुकान उघडून बसली का? अन् तक्रार नाई म्हून लिवून देऊ? अठरा वर्सांची तक्रार हाय माही, एका कार्डात माईन का?"

"अगं, व्यवहार म्हणजे व्यवहार. पक्कं बिल आहे, पक्की पोच नको?"

काकूंनी साडीची घडी घातली, खोक्यात ठेवली, खोका बंद केला. "पहिलं लग्न निघंल त्या घरी आहेरात देतो का नाई पाहा," म्हणाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात राजापेठेत एक लग्न निघालं आणि साडी गेली. पुढं काकू आपल्या साड्या आपणच आणत आणि बिल सरांच्या टेबलावर, पेपरवेटखाली ठेवत. घरात बाकी सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं. त्या साडीचा विषय निघाला की मात्र काकू उठून आत जात.

साडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला एकीकडं घेऊन सांगितलं की खोका जाण्यापूर्वी ते कार्ड त्यांनी तळाच्या पुठ्ठ्याखाली सरकवलं आहे. त्यावर रकाने आखले होते. कोणाकडून, कोणाला, काय भर घातली, सही. पहिली ओळ त्यांनी स्वतःच भरली होती. कोणाकडून, मी. कोणाला, पत्नी. भर, निरंक. सही, नाकारली. आणि वर एक रबरी शिक्का मारला होता, 'नोंद आवश्यक'.

"सर, हे सरकारी आहे असं वाटेल लोकांना."

"मी कुठं तसं म्हटलंय? आवश्यक आहे. मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्याकडं आहेराची साडी कुणी नेसत नाही, पुढच्या लग्नात देतं. ही साडी किती घरं फिरते आणि प्रत्येक घर काय भर घालतं, याचा अभ्यास या देशात झालेला नाही." मी विश्वास ठेवला. सरांवर मी त्या काळात सगळ्याच बाबतीत विश्वास ठेवत होतो.

शिक्क्यानं आपलं काम चोख केलं, हे मला पुढं कळलं. व्याट नवा होता, कुणाला कधी नोटीस येईल याचा नेम नव्हता. घरी गेल्यावर खोक्याच्या तळाशी शिक्का मारलेलं कार्ड सापडलं की घरोघरच्या बायकांना घाम फुटत असणार. कुणाला विचारायची सोय नाही, कारण विचारलं तर साडी फिरती आहे हे कळणार. तेव्हा गुपचूप रकाने भरायचे, सही ठोकायची, कार्ड जागच्या जागी ठेवायचं आणि पहिलं लग्न गाठून खोका घराबाहेर काढायचा. इतक्या इमानानं वऱ्हाडात कुठलाच कागद कुणी भरला नसेल. सर मात्र प्रत्येक लग्नात मान उंच करून आहेराच्या खोक्यांकडं पाहत बसत. चार वर्षं पाहत राहिले.

मी तोवर त्याच कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागलो होतो. तासांप्रमाणे पैसे मिळत, नोकरी दर उन्हाळ्यात संपे आणि पावसाळ्यात नव्यानं मिळे. अशा मुलाला मुलगी कोण देणार? अकोल्याच्या एका कापड दुकानदारांनी दिली. मुलगी मला पसंत होती, आणि तिला मी का पसंत पडलो हे मी अजून विचारलेलं नाही. हे लग्न मोडलं असतं तर दुसरं जमलं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आमचं घर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागा असलेलं. आई बोलायला रोखठोक. माझ्या बहिणीच्या लग्नात आईला आहेरात आलेल्या साडीवर दुसऱ्याच कुणाच्या हळदीचे डाग निघाले होते, तो अपमान ती विसरली नव्हती. अकोल्याला जठारपेठेत आमची बैठक झाली तेव्हा देण्याघेण्याचं सगळं ठरल्यावर आईनं हात वर केला.

"आमाले काई नको. हुंडा नको, सोनं नको. पण लुगडं फिरतं नको. फिरती साडी आली तं मी भर मांडवातून उठून जाईन. पोराचं लगन गेलं उडत."

सासरे हात जोडून म्हणाले, "माझं कापडाचं दुकान आहे विहीणबाई. नवीकोरी येईल." कोपऱ्यात माझ्या सासूबाईंची मोठी बहीण बसली होती, बार्शीटाकळीच्या मावशी. त्या आईकडं बघून गोड हसल्या. तेव्हा ते हसणं मला आपुलकीचं वाटलं.

लग्न अकोल्यालाच होतं. सर आणि काकू पुढच्या रांगेत बसले होते. अक्षता पडल्या आणि आहेर सुरू झाला. एक गृहस्थ माईकवरून कुणाचा काय आहेर ते पुकारत होते. आई शपथेला जागून प्रत्येक खोका तिथल्या तिथं उघडून बघत होती. एरवी मांडवात खोके कुणी उघडत नाही, तसेच पेटीत जातात. आईनं त्या दिवशी रीत मोडली आणि तिथंच सगळं फसलं.

मावशींच्या खोक्यातून मोरपंखी साडी निघाली. बारीक जरीचा काठ. मी मुंडावळ्यांतून पाहिली आणि ओळखली. आईनं घडी उलटी केली, पुठ्ठा सरकला आणि कार्ड तिच्या मांडीवर पडलं. ती ते वाचायला लागली. वाचता वाचता उठून उभी राहिली.

बैठकीतली शपथ सगळ्या अकोल्याला ठाऊक होती. सासरे धावत आले. "विहीणबाई, काय झालं?"

माझी होऊ घातलेली, नव्हे, पाच मिनिटांपूर्वी झालेली बायको माझ्याकडं बघत होती. मी आईकडं. आई कार्डाकडं. आणि मग माझी नजर त्या कार्डावर गेली. वरून चौथ्या ओळीत आईची सही होती. तिचं ते गिचमिड अक्षर हजारात ओळखू येईल. कोणाकडून, अमरावतीची वास्तुशांत. कोणाला, मूर्तिजापूरची भाची. भर, खोका पुसला.

"काई नाई," आई म्हणाली आणि खाली बसली. "पायाले मुंग्या आल्त्या."

"साडी आवडली नाई का?" मावशींनी मधासारख्या आवाजात विचारलं. त्यांनी कार्ड वाचलं नव्हतं, असं त्या आजही देवावर हात ठेवून सांगतात. माझा विश्वास नाही.

"लय आवडली," आई दात खाऊन म्हणाली. कार्ड तिनं पदराखाली सरकवलं. झालं, वाचलो, असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून हरवलेली म्हैस सापडल्यासारखा आवाज आला.

"अरे, आली! आली की ती!"

सर स्टेजवर आले. त्यांनी आईपुढं हात पसरून कार्ड मागितलं, आणि आई 'नाई' म्हणायच्या आत पदराखालचं टोक धरून ओढून घेतलं. दुसऱ्या हातानं त्यांनी पुकारणाऱ्या गृहस्थांचा माईक घेतला. मी स्टेजवरून "सर, नको" म्हणालो. आईनं हात जोडले. "सर, तुमच्या पाया पडते, खाली बसा." चार वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला हे ऐकू येत नसतं.

"मंडळी," ते म्हणाले, "या साडीनं अकरा घरं पाहिली. नावं वाचत नाही. फक्त भर वाचतो, व्याटच्या रीतीनं." आणि वाचायला लागले. "एका घरानं डांबराची गोळी ठेवली. एका घरानं टाचण्या काढल्या. एका घरानं खोका पुसला." आईनं डोळे मिटले. "एका घरानं मोठ्या दुकानाचा खोका घातला. एका घरानं किमतीची चिठ्ठी काढली. पुढच्या घरानं दुसरी लावली, तीनशे रुपये वरची. आणि साडी अजून कोणी नेसलेलंच नाही!"

पुरुष खो खो हसत होते. बायकांच्या बाजूला मात्र मान वर केलेली एकही बाई दिसेना, कारण त्या अकरांपैकी निदान पाच तिथंच बसल्या होत्या. आईच्या गालाचा रंग बदलत चालला होता. आणखी एक ओळ, एक नाव, की शपथ असो नसो, ती उठून गेलीच असती. माझा संसार सरांच्या जिभेवर उभा होता.

तेवढ्यात सासऱ्यांनी साडीचं टोक हातात घेतलं, सवयीनं चोळून पाहिलं आणि म्हणाले, "पण सर, हे व्याटचं काय काढलं तुमी? साडीवर व्याट हाये कुठं? कापडाले माफी हाय. मी दुकानदार हावो, मले नाई माईत?"

सर थांबले. माईक तोंडासमोर तसाच होता.

व्याट शिकवून शिकवून ज्यांनी माझे पैसे घालवले, त्यांना हे माहीत नसेल? त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काकू स्टेजच्या पायऱ्या चढून वर आल्या. त्यांनी सरांच्या हातातून कार्ड घेतलं आणि पहिली ओळ वाचली. चार वर्षांत या विषयावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "साडीले व्याटच नोता, तं सही कावून मागतली?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. माईक बंद करायचं त्यांना सुचलं नाही. "अठरा वर्षांत तुला काही दिलं नव्हतं मी. एक दिलं. त्याचा एक तरी कागद असावा म्हटलं."

हे सगळ्या मांडवानं ऐकलं. बाहेर जेवणाच्या पंगतीत वाढप्यांनीही ऐकलं असणार, कारण भोंगा तिकडंच लावला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि तरीही आलं.

काकू आईकडं वळल्या. "ताई, ही साडी माही व्हय. मले देता का? तुमाले मी दुसरी देते."

आई क्षणात सावरली. संत्र्याच्या व्यापाऱ्यांशी सौदा करणारी बाई ती. साडी उचलून तिनं काकूंच्या ओटीत घातली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या माय, घ्या! अरे, ही काय फिरती साडी हाय का? ही तं घरी जाऊन राहिली! रस्ता चुकली होती बिचारी." मग सासऱ्यांकडं बघून, "तुमी काऊन उभे? पंगती बसवा."

काकूंनी आईला आपण आणलेल्या आहेराचा खोका दिला. आईनं तो सगळ्यांदेखत उघडला, आणि पुठ्ठ्याखाली हात घालून पाहिल्यावरच बंद केला.

लग्न टिकलं. माझी नोकरी पुढं कायम झाली, सर निवृत्त झाले, व्याट गेला आणि जीएसटी आला. त्यात कापडावरही कर लागला. ज्या दिवशी ते जाहीर झालं त्या दिवशी मी सरांकडं गेलो होतो. सर काकूंना म्हणत होते, "आता साडीवर कर आहे. आता पोच कायद्यानं मागता येते."

"मागून तं पाहा," काकू म्हणाल्या. अंगावर ती मोरपंखी साडीच होती. नेसून नेसून विटलेली, काठाची जर काळी पडलेली, पदराला फोडणीचा डाग. आता ती त्यांची स्वयंपाकघरातली साडी होती.

काकू चहा करायला आत गेल्यावर सरांनी कपाटातून ते कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. अकरा घरांच्या खाली एक नवी ओळ होती. कोणाकडून, हे. कोणाला, मी. भर, बारा वर्षे उशीर. त्यापुढं काकूंची सही.

"बारा? साडी तर चार वर्षांनी परत मिळाली होती," मी म्हणालो.

"उरलेली आठ वर्षं ती विचार करत होती."

मग मी वरचा मजकूर पाहिला. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' तसंच होतं. 'तक्रार नाही' या दोन शब्दांवर मात्र आडवी, ठसठशीत रेघ मारलेली होती.

"सर, खाडाखोड आहे."

"आहे ना," सर म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड माझ्या डोळ्यांजवळ आणलं आणि रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं. "नियम काय आहे? खाडाखोड केली की तिच्या शेजारी पुन्हा सही करावी लागते. मी सांगितलं, तर तिनं केली. बघ." स्वयंपाकघराकडं एकदा पाहून ते हळूच म्हणाले, "एक मागितली होती. दोन मिळाल्या."